दहावी : वाचते खूप, पण आठवत नाही. उजळणी कशी करून घ्यायची?

सुरंगी
माझी थोरली यंदा दहावीला आहे. मराठी माध्यम, स्टेट बोर्ड, शाळा गावातलीच. अभ्यास करत नाही अशी तक्रार मुळीच नाही. दिवाबत्ती झाली की पुस्तक घेऊन बसते ती जेवायला हाक मारेपर्यंत, आणि जेवण उरकलं की पुन्हा बसते. पुस्तकाच्या पानापानावर पिवळ्या-गुलाबी रेघा. घटक चाचणीत मार्कही बरे पडले. पण परवा भाजी निवडताना तिला ग्रहांच्या गतीचे केप्लरचे तीन नियम विचारले, तर पहिला अर्धा सांगून थांबली. म्हणाली, "आई, मला येतं गं. पानावर खाली डावीकडे आहे, चौकटीत. फक्त सांगता येत नाही."

आता पुढ्यात गणपती. घर मुंबईच्या माणसांनी भरणार. मग दिवाळीआधी सहामाही. क्लास तालुक्याच्या गावी आहे, पण परतीची शेवटची एसटी चुकली की पंचाईत, म्हणून तो विषय आम्ही सोडून दिला.

एक धडा किती वेळा वाचावा? उत्तरं पाठ करून घ्यावीत का? आणि जूनमध्ये शिकवलेलं फेब्रुवारीपर्यंत डोक्यात राहायला मधल्या काळात काय करायचं? मोबाइल कमी करा हे कृपया सांगू नका. तो घरात एकच आहे आणि त्याला रेंज फक्त पडवीत येते.

तिठा_नाका
ताई, कोकण बोर्डात असून काळजी करताय? २०१२ साली विभाग वेगळा झाला तेव्हापासून निकालात पहिला नंबर आपलाच. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के. पोरगी पास होणार, लिहून घ्या.

सुरंगी
पास होईल हो. पण त्या ९९ टक्क्यांतली किती मुलं अकरावी सायन्सला जाऊन दिवाळीपर्यंत रडकुंडीला येतात, तेही बघा. ३५ च्या वर किती गेले एवढंच निकाल सांगतो. डोक्यात काय उरलं ते त्यात दिसत नाही.

निवृत्त_फळा
सुरंगीताई, "येतं, पण सांगता येत नाही" हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. दुखणं कुठे आहे ते त्यातच कळतं. पान समोर उघडं असलं की सगळं ओळखीचं वाटतं. चौकट कुठल्या कोपऱ्यात आहे तेसुद्धा लक्षात राहतं. परीक्षेत मात्र पान समोर नसतं. तिथे लागतं ते पुस्तक मिटून डोक्यातून बाहेर काढणं, आणि मुलं घरी नेमका त्याचाच सराव करत नाहीत.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. छोटे उतारे दिले. एक उतारा वाचून पुन्हा वाचायचा. दुसरा एकदा वाचायचा, बाजूला ठेवायचा आणि आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं: ८१ टक्के, लिहून काढलेलं ७५. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं. लिहून काढलेलं ५६ टक्के शिल्लक होतं, पुन्हा वाचलेलं ४२.

यातल्या पहिल्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. आदल्या रात्री तीनदा वाचून सकाळी घटक चाचणी चांगली जाते, हे खोटं नाही. म्हणून तर मुलांचा त्या पद्धतीवर विश्वास बसतो आणि आपणही फसतो. बोर्डाला सगळं पुस्तक एकदम येतं, तेव्हा ती पद्धत उघडी पडते.

करायचं ते साधं आहे. धडा एकदा, पण समजून वाचायचा. अडलं तर तिथेच शंका फेडून घ्यायची, न समजलेलं आठवायचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मग पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवायचं. व्याख्या, सूत्रं, आकृती, नुसते सुटे शब्द, काहीही चालेल. अडलं की लगेच पुस्तक उघडायचं नाही, थोडं डोकं खाजवायचं. तो त्रास होतो तीच खरी मेहनत. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. लाल शाईतलं जे असेल तो तिचा उद्याचा अभ्यास, बाकीचं सोडून द्या.

"धडा किती वेळा वाचावा" याचं उत्तर: एकदा नीट. त्यापुढे वाचण्याऐवजी आठवावा.

पडवी_आणि_पाऊस
+१. सरांनी लिहिलंय ते घरात कसं दिसतं सांगते. गणपतीत आरतीला आमच्याकडे तीस माणसं उभी असतात, सगळी खणखणीत म्हणतात. त्यातल्या एकाला बाजूला घेऊन "तिसरं कडवं एकट्याने म्हण" म्हटलं की तो तोंडाकडे बघत राहतो. मुलांचं वाचन असंच चाललेलं असतं.

सुरंगी
हा हा, आमच्या घरातली दोन नावं आत्ताच डोळ्यांसमोर आली.

सर, मग हायलायटर बंद करू का? तिला राग येईल. वहिनीने मुंबईहून सहा रंगांचा सेट आणून दिलाय.

निवृत्त_फळा
बंद करू नका, त्यालाच अभ्यास समजू नका इतकंच. डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोपर्यंतचं संशोधन एकत्र तपासलं. दोनच पद्धती वरच्या रांगेत बसल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचन दोन्ही खालच्या रांगेत गेलं. रेघा मारायच्याच असतील तर कागदावर आठवून झाल्यावर, जे राहिलं त्याखाली मारू दे. मग निदान त्या रेघेला काही काम राहील.

चाकरमानी_लोकल
सर, आदर ठेवून विचारतो. आमच्या गुरुजींनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकून घेतली. हातावर छडी बसायची. आज पन्नाशी उलटली तरी बाजारात गेलो की कॅल्क्युलेटर लागत नाही. संस्कृतची "रामः रामौ रामाः" झोपेत विचारा. आणि आता अमेरिकेतले लोक आम्हाला सांगणार की घोकंपट्टी वाईट?

निवृत्त_फळा
घोकंपट्टी वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? पाढे, सूत्रं, शब्दरूपं, संयुजा, सनावळ्या हे पाठच पाहिजे. त्यावर प्रत्येक वेळी विचार करायला वेळ नसतो. तुमचे गुरुजी पुस्तक मिटूनच म्हणून घेत असत ना? मध्येच "सत्तावीस निमे?" विचारत ना? आज म्हटलेलं परवा, पुढच्या आठवड्यात, वर्षभर पुन्हा म्हणून घेत? मग ते तेव्हापासूनच हे सगळं करत होते. अमेरिकेने फक्त मोजून पाहिलं. (छडीचं कुणी मोजून पाहिलंय की नाही ते सोडून देऊ.)

बिघडतं कुठे, तर "कारणे द्या"ची आठ ओळींची उत्तरं गाइडमधून जशीच्या तशी पाठ करण्यात. त्यात मधला एक शब्द निसटला की पुढची ओळ येत नाही. आणि प्रश्न थोडा फिरवून आला तर मूल तेच उत्तर लिहून मोकळं होतं.

खाडीपट्टा
चाकरमानी साहेबांच्या मुद्द्याला जोड. वेदपाठशाळेत संहिता म्हणतात, मग पदपाठ, क्रमपाठ, पुढे जटा आणि घन. जटापाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं अशी पदं उलटसुलट येतात. तिथेसुद्धा नुसतं एका सरळ रेषेत म्हणत सुटत नाहीत. आणि दुसरं टोक आपल्या दशावतारात बघा. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणाचं सोंग कुठलं ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या रंगतात. कथेचा सांगाडा पक्का असला की शब्द आपोआप येतात. इतिहासाची उत्तरं तशी झाली पाहिजेत. चार मुद्दे पक्के, वाक्यं स्वतःची.

सुरंगी
हे पटलं. तिला रात्रीच दाखवते.
पण "दिवसांवर विभागणं" म्हणजे किती दिवसांनी? आम्ही रविवार उजळणीचा ठेवलाय.

निवृत्त_फळा
एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलं की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर दिवसभरात जवळपास दोन तृतीयांश उडून जातात. अर्थ कळलेल्या गोष्टी इतक्या भराभर जात नाहीत, पण जातात. पुसट व्हायला लागलं की आठवायचं. अगदी ताजं असताना आठवलं तर फायदा कमी, पूर्ण गेल्यावर आठवायला बसलं तर पुन्हा शिकावं लागतं.

मधलं अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेवर लोकांवर हे तपासलं. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन अभ्यासांमधलं अंतर मोठं असलेलं बरं, असं निघालं. आठवड्यावरच्या चाचणीसाठी एक-दोन दिवस सोडून पुन्हा बघायचं. सहा महिन्यांवरच्या बोर्डासाठी दोन-तीन आठवडे सोडले तरी चालतं, उलट चांगलंच.

तुमच्या घरी मी असं बसवेन: ज्या दिवशी शाळेत शिकवलं त्या रात्री कोऱ्या कागदावर पहिली फेरी. दोन-तीन दिवसांनी दुसरी, आठवड्याने तिसरी, महिन्याच्या आत चौथी. पुढच्या फेऱ्यांना दहा-दहा मिनिटंच लागतात. रविवार ठेवा, पण रविवारी एकच धडा तीन तास नको. पाच विषयांतलं थोडं थोडं.

नववीतला_मामाच्या_आयडीवरून
काका मी मामाच्या आयडीवरून लिहितोय. ते २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं सुट्टीवालं खरं आहे का? रीलमध्ये बघितलं.

निवृत्त_फळा
बाळा, त्याला पोमोडोरो म्हणतात. सिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून सुरू केलं, म्हणून हे नाव. पंचवीसच मिनिटं का, याला काही शास्त्र नाही. बसवत नसेल तर बसायची सवय लावायला चांगलं आहे. भूमितीचं प्रमेय रंगात आलं असताना घंटा वाजली म्हणून उठू नकोस. आणि सुट्टीतली पाच मिनिटं रीलला दिलीस तर ती पाचाची पंचवीस होतात, हे मामालाही माहीत असेल.

हापूस_कलमवाला
गणिताचं कुणी सांगेल का? मुलगा घरी सगळी उदाहरणं सोडवतो. सरावसंच संपवतो. परीक्षेत मात्र कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही. क्लासवाले म्हणाले तो "व्हिज्युअल लर्नर" आहे, त्याच्यासाठी व्हिडिओचा वेगळा कोर्स घ्या. फी ऐकून मी अजून होकार दिला नाही.

निवृत्त_फळा
होकार देऊ नका. मुलांचे "डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे" असे प्रकार पाडून तसं शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. २००८ साली पॅशलर आणि इतर तिघांनी हा सगळा विषय चाळून हेच लिहिलं. आकृती सगळ्यांनाच लागते. भूमिती कानाने शिकणारं मूल मी पाहिलं नाही.

तुमच्या मुलाची अडचण वेगळी आहे. सरावसंच ३.२ मध्ये सगळी उदाहरणं एकाच प्रकारची असतात. पहिलं जमलं की बाकीची हात आपोआप सोडवतो. कुठलं सूत्र हा निर्णय त्याला एकदाही घ्यावा लागत नाही, तो मथळ्यात छापलेला असतो. परीक्षेत मथळा नसतो.

रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली नेमकं हेच करून पाहिलं. कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं शिकवली, म्हणजे आपल्या दहावीच्या महत्त्वमापनासारखंच. एका गटाला एकेका आकाराची उदाहरणं सलग, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव करताना सलगवाल्यांचं ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांचं ६०. आठवड्याने परीक्षा: सलगवाले २० टक्के, मिसळवाले ६३.

धडा नवा असताना सरावसंच सलगच सोडवू दे, पद्धत हातात बसायला ते हवं. त्यानंतर तुम्ही एक काम करा. बागेतून आल्यावर पुस्तक घ्या आणि झालेल्या प्रकरणांतून कुठलीही सहा उदाहरणं चिठ्ठीवर उतरवा. वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, पुन्हा वर्गसमीकरण. सोडवायला लावायच्या आधी प्रत्येकापुढे फक्त "हे कुठलं आणि का" एवढं लिहून घ्या. तुम्हाला गणित येत नसलं तरी हे जमेल. त्याचे मार्क काही दिवस कमी दिसतील, मुलगा चिडेल. तेव्हा थांबवू नका.

हापूस_कलमवाला
सर, गणित येतं मला. पेटीत किती डझन नि दलालाने किती कापले ते तोंडावर असतं.
धन्यवाद. व्हिडिओचे पैसे वाचले, त्यात यंदाच्या फवारणीचं बघतो.

रापणकर
माका ह्यातला बराचसा कळला. माजो झील आठवीत असा. सकाळी माझ्यावांगडा रापणीचा जाळा ओढूक येता, मगे साळंत जाता. सांजच्याक पुस्तक घेवन बसलो की डुलक्यो काढता. हुशार असा, बाई पण सांगतत. ह्या कागदावर लिवूचा नि मिसळूचा, तेका येळ खय असा?

निवृत्त_फळा
रापणकर, पहिली गोष्ट म्हणजे तो डुलक्या काढतो तेव्हा त्याला झोपू द्या. पहाटे उठणाऱ्या मुलाला रात्री दहापर्यंत पुस्तकापुढे बसवून हाती काही लागत नाही. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं होतं की पाठ करून झोपलं तर जास्त राहतं, जागं राहून इतर उद्योग केले तर कमी.

त्याला वेगळा वेळ लागतच नाही. शाळा सुटून घरी चालत येताना त्याने पुस्तक न काढता आठवायचं, आज विज्ञानात काय झालं, इतिहासात काय झालं. घरी आल्यावर तुम्ही किंवा आईने विचारायचं, "आज काय नवीन?" तुम्हाला विषय माहीत असायची गरज नाही. "म्हणजे काय?" आणि "असा कित्याक?" हे दोन प्रश्न पुरतात. सांगताना जिथे तो अडेल तिथे त्याचं त्यालाच कळेल.

आणि एक. तो आठवीत आहे, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर एनएमएमएसची चौकशी बाईंकडे लगेच करा. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, ९०-९० प्रश्न. पहिल्या पेपरातली अंकमालिका, सांकेतिक भाषा वगैरे मुलं कोडी म्हणून सोडवतात. हुशार आहे म्हणता तर नाव द्याच.

रापणकर
उद्याच बाईंका इचारतंय. देव बरा करो.

पडवी_आणि_पाऊस
आमच्याकडे आजीला समोर बसवतो. मुलगा तिला भूगोल सांगतो, ती सुपारी कातरत "मग?" एवढंच म्हणते. परवा तो ब्राझीलच्या अजस्र कड्याचं सांगत होता. वारे समुद्राकडून येतात, कड्याला अडतात, अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे कोरडं, तो अवर्षण चतुष्कोन. आजी म्हणाली, "म्हणजे आपल्या घाटासारखंच. आंबोलीला धो धो नि वर गेलं की कोरडं." मुलगा बघतच राहिला. दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून लिहिलंय, आणि आमच्या मुलाला ते आजीने शिकवलं.

खाडीपट्टा
आजींना नमस्कार सांगा. "भौगोलिक कारणे लिहा" आजींनाच विचारावं. :)

तिठा_नाका
फ्लॅशकार्डचं काय? पुतण्या पुण्याला आहे, त्याचं सगळं अॅपवर.

पडवी_आणि_पाऊस
कार्डं चांगली. पुढे प्रश्न, मागे उत्तर. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने सत्तरच्या दशकात खोक्यांची पद्धत सांगितली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, ते जास्त दिवसांनी बघायचं. चुकलेलं मागे पहिल्या खोक्यात, ते रोज. अॅप हेच हिशेब करतं.
अडचण आपल्या हवेची. जून ते सप्टेंबर कागदाची कार्डं मऊ पडतात, बुरशी धरते, एकमेकांना चिकटतात. मी जुन्या लग्नपत्रिका कापून केली, जाड पुठ्ठ्याची आणि एका बाजूने कोरी. गेल्या मे महिन्यातल्या लग्नांवर माझ्या मुलाचं अख्खं विज्ञान भाग २ झालं. पत्रिका नसतील तर वही घ्या, पान उभं दुमडा, डावीकडे प्रश्न, दुमडीत उत्तर.

विकतची तयार कार्डं घेऊ नका. प्रश्न काढताना निम्मा धडा होतो.

चाकरमानी_लोकल
आम्ही गणपतीला येणार म्हणजे पोरीचा अभ्यास बुडणार, असा सूर पहिल्या पोस्टमध्ये दिसला, म्हणून लिहितो. सुरंगीताई, आम्हा मुंबईकरांना कामाला लावा. प्रत्येक पाहुण्याने रोज तिला एक प्रश्न विचारायचा. तेवढ्याने आमच्या चहाचे पैसे फिटतील.

सुरंगी
तुमचा सूर बरोबर लागला. :) करते तसं. एक गठ्ठा ओटीवर ठेवते, जो येईल त्याने वरचं कार्ड उचलायचं.

सर, सहामाहीपर्यंत हे चालेल. त्यानंतर पेपर सोडवायला कधी घ्यायचे?

निवृत्त_फळा
पाहुण्यांची कल्पना मला आवडली. फक्त चुकलं तर हसायचं नाही, हे चाकरमान्यांना आधी सांगून ठेवा. चारचौघांत हसं झालेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

पेपरचं म्हणाल तर दिवाळीनंतर. अभ्यासक्रम पूर्ण व्हायची वाट बघू नका. गणित भाग १, भाग २, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल हे सगळे ४०-४० गुणांचे आणि दोन तासांचे. भाषा ८० च्या, तीन तासांच्या. जुन्या प्रश्नपत्रिकेतले झालेल्या धड्यांवरचे प्रश्न निवडा आणि घड्याळ लावून लिहायला बसवा. तोंडी येणारं उत्तर कागदावर किती वेळ खातं, हे लिहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या पाहण्यात हुशार मुलांचे गुण इथेच जायचे, पहिल्या प्रश्नाला पान भरायचं आणि शेवटचा सहा गुणांचा कोरा.

तपासताना गुण मोजू नका. चुका तीन ढिगांत घाला: येतच नव्हतं, येत होतं पण त्या वेळी आठवलं नाही, येत होतं पण घाईत किंवा एकक विसरल्यामुळे गेलं. पहिल्यासाठी पुस्तक आणि शिक्षक, दुसऱ्यासाठी कार्डं. तिसऱ्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची सवय. बहुतेक घरांत तिन्हींवर एकच औषध देतात, "अजून वाच".

खाडीपट्टा
आणि शिमगा? बोर्डाची परीक्षा आणि पालख्या हमखास एकमेकांवर येतात. आमच्याकडे रात्रभर ढोल.

निवृत्त_फळा
पालखी घरी येईल त्या दिवशी पुस्तक उघडायला सांगू नका, मूल उघडणार नाही आणि भांडण होईल. तो दिवस वेळापत्रकात आधीच सुट्टीचा लिहा. बाकीच्या रात्री ढोलाच्या आवाजात झोप लागत नसेल तर मुलाला त्या आठवड्यात वाडीच्या बाहेर कुणा नातेवाइकाकडे झोपायला पाठवा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून एखादा धडा जास्त होईल, पण सकाळी जे येत होतं तेही नीट सुचणार नाही.

सुरंगी
माहेर शेजारच्याच गावात आहे, तिथे ढोल नसतो. आईला आत्ताच सांगून ठेवते.

काल रात्री पहिला कोरा कागद झाला. गुरुत्वाकर्षण. निम्मा लाल. रडली नाही, पण हायलायटर कपाटात गेले. आज केप्लर पुन्हा विचारला, दोन नियम पूर्ण आले, तिसऱ्यात वर्ग आणि घन उलटे झाले. तिसऱ्यासाठी काही युक्ती आहे का कुणाकडे?

हापूस_कलमवाला
माझ्या मुलाने सांगितलेली: काळ लहान शब्द, म्हणून त्याचा वर्ग. अंतर मोठा शब्द, म्हणून त्याचा घन. टी वर्ग भागिले आर घन स्थिर. अर्थ काय ते त्याला विचारलं तर म्हणाला, लांबचा ग्रह सावकाश फिरतो.

निवृत्त_फळा
मुलाने दोन वाक्यांत उत्तम सांगितलं. सुरंगीताई, आता तिसरा नियम परवा विचारा. उद्या नको.